दोन घटिका आधी

व्यापारी घराची सुट्टी शाळेच्या सुट्टीशी सहसा जुळत नाही. मार्चअखेरचे हिशेब आणि येणी-देणी उरकेपर्यंत एप्रिल उजाडतो आणि लगेच लग्नसराईची गिऱ्हाइकी सुरू होते. या दोहोंमधल्या चार मोकळ्या दिवसांत इचलकरंजीच्या एका कापड व्यापाऱ्याच्या कुटुंबाने यंदा जलप्रवास केला. मुंबईहून निघून, गोव्याला थांबून परत येणारे मोठे प्रवासी जहाज, तीन रात्रींचा मुक्काम. बरोबर बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि चौविहार पाळणाऱ्या आजी.

आजींच्या मनात शंका होती ती जेवणाची. माहितीपत्रकावर ‘जैन भोजन’ असे छापलेले होतेच. परंतु त्याचा अर्थ कांदा, लसूण, बटाटा वगळला एवढाच असतो. जेवणाच्या वेळेचा उल्लेख त्यात नसतो, आणि जहाजावर रात्रीचे जेवण सुरू होते तेच सूर्यास्ताच्या सुमारास. म्हणून सूनबाईंनी महिनाभर आधी लेखी कळवून सायंकाळी सहाच्या आत ताट मिळण्याची व्यवस्था करून घेतली. उकळून गार केलेल्या पाण्याचेही तेव्हाच ठरवले. सफरीला निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एवढे आधीच करावे. जहाज सुटल्यावर केलेल्या विनंतीला स्वयंपाकघराचाही इलाज नसतो.

पहिल्या संध्याकाळी आजी घरून आणलेला सूर्यास्ताचा तक्ता घेऊन डेकवर बसल्या होत्या. तक्त्यातली वेळ उलटून गेली, तरी सूर्य पाण्यावर तसाच! मुलीने लगेच भूगोल मांडला. तक्ता इचलकरंजीचा, मुंबई तिच्या पश्चिमेस सुमारे दीड अंश. एका रेखांशामागे चार मिनिटे. शिवाय उंच डेकवरून क्षितिज दूर जाते, म्हणून सूर्य आणखी अर्धा-पाऊण मिनिट अधिक दिसतो.

“म्हणजे आजी, अजून सात-आठ मिनिटं आहेत. एक आईस्क्रीम होऊन जाईल!”

आजी हसल्या. “बाळ, गणित तुझं बरोबर आहे. पण आपल्याकडे दोन घटिका आधीच आटोपतात, ते कशासाठी? दोन घटिका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. इतकं अंतर राखलं की मिनिटं मोजत बसावं लागत नाही. मर्यादेच्या काठावर उभं राहणाऱ्यालाच घड्याळाची भीती.”

मुलीने आईस्क्रीम दुसऱ्या दिवशी दुपारी खाल्ले. ताटात हवे तेवढेच वाढून घ्यायचे आणि शेवटी ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकायचे, हा आजींचा नियम शेजारच्या टेबलावरची मुले कुतूहलाने पाहत होती.

मुलांच्या वडिलांची घालमेल वेगळी होती. किनारा मागे पडला तशी मोबाइलची रेंज गेली. फोन उंच धरून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिले. धाकट्याने विचारले, “पप्पा, दुकान समुद्रात येतं का?” त्यांना उत्तर सुचले नाही. त्या रात्री फोन खोलीत ठेवून ते मुलांबरोबर ‘व्यापार’ खेळायला बसले. मुलाने त्यांच्याकडून भाडे चोख वसूल केले. असा निवांत डाव त्या घरात दोन वर्षांत मांडला गेला नव्हता.

या निवांतपणाची किंमतही पडली. गोव्याला फोन लागला तेव्हा कळले की एका जुन्या गिऱ्हाइकाने उत्तर न मिळाल्याने मोठी मागणी दुसरीकडे नोंदवली होती. मुनीमजी भाव ठरवू शकत नव्हते. तो अधिकार मालकांनी कधी त्यांना दिलाच नव्हता. ही गोष्ट त्यांनी पत्नीला सांगितली. मुलांसमोर काढली नाही. आजींना मात्र चेहऱ्यावरून उमगले. त्या एवढेच म्हणाल्या, “नुकसान खात्यात लिही. पण मिळालेलं काय, तेही लिही.”

परतल्यावर दुकानात दोन बदल झाले. ठरावीक रकमेपर्यंतचा भाव ठरवण्याचा अधिकार मुनीमजींना मिळाला. आणि रात्री साडेआठला मालकांचा फोन गल्ल्याच्या कप्प्यात जातो. मुले नऊला झोपतात. त्याआधी अर्धा तास, काठावर नव्हे.