नळीतला जाळ

मेहसाण्याजवळच्या बलोल आणि सांथल क्षेत्रांतलं तेल जड. थरातलं पाणी त्याच्यापेक्षा कितीतरी चपळ. ते वाट काढून विहिरीत आधी पोचतं आणि तेल मागे राहतं. म्हणून सुमारे एक हजार मीटर खोल हवा दाबून सोडायची, तेलाचा थोडा भाग तिथंच पेटवायचा, आणि त्या उष्णतेनं पातळ झालेलं बाकीचं तेल पुढे रेटायचं. बलोलला १९९० मध्ये याची चाचणी सुरू झाली आणि १९९७ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं गेलं. माझं काम जमिनीवरचं: ती आग आधी प्रयोगशाळेत, कम्बशन ट्यूबमध्ये लावून पाहायची.

ही नळी पोलादी, पण भिंत मुद्दाम पातळ. भिंत जाड असली तर उष्णता धातूतून आगीच्या पुढे पळते आणि खालची वाळू अकाली तापते. वाळू, पाणी आणि तेल थराच्या प्रमाणात मिसळून नळीत ठासायचं. हे ठासणं एकसारखं झालं नाही, तर हवा सैल जागेतून निसटते. मग नळी उभी, दाब सहन करणाऱ्या जाड कवचात. वरच्या टोकाला इग्नायटर, आणि मधोमध वरपासून खालपर्यंत तापमान मोजणारे थर्मोकपल.

खरी कसोटी बाहेरच्या हीटरपट्ट्यांची. जमिनीखाली आगीभोवती जाडजूड तापलेला खडक असतो. नळीत मात्र वाळू अगदी अरुंद, त्यामुळे उष्णता भिंतीतून निसटून जाते. ती भरपाई पट्ट्या करतात. पण पट्टीचं तापमान आतल्यापेक्षा किंचित कमीच ठेवायचं. आतला आकडा पाचशे अंशांवरून घसरू लागला की नव्या माणसाचा हात आपोआप बटणाकडे जातो. त्याला मी थांबवतो. विजेच्या जोरावर तगवलेली आग मोजून काय करणार? या तेलाची आग स्वतःच्या बळावर चालते का, एवढाच तर प्रश्न आहे. ती विझणार असेल, तर इथंच विझू दे.

आग दिसत नाही. ती कळते बाहेर येणाऱ्या वायूवरून. कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि उरलेला ऑक्सिजन मोजायचा. नायट्रोजन जळत नाही, म्हणून त्याच्यावरून आत किती ऑक्सिजन गेला ते काढता येतं. हिशेबात न सापडलेला ऑक्सिजन हायड्रोजनशी मिळून पाणी झाला, असं धरून इंधनातलं हायड्रोजन-कार्बन प्रमाण मांडतात. ते दोनच्या खाली स्थिरावलं की मला हायसं वाटतं. तीनच्या वर चढलं, तर ऑक्सिजन पाण्यात नव्हे, तेलातच मुरतो आहे: ओल्या लाकडांची चूल धुमसावी तसं. अशा कमी तापमानाच्या ऑक्सिडेशनमुळे तेल आणखी घट्ट होतं, म्हणजे उपायच दुखणं वाढवतो.

नळी निवल्यावर उघडतो, तो क्षण मला फार आवडतो. वरची वाळू कोरडी, फिकट, बोटांतून झरझर गळणारी. तेलाचा वासही नाही. खाली कणाकणाला चिकटलेला काळा कोक, आणि त्याखाली ओलं तेल. आपण चांगलं तेल जाळून टाकतो, असं अनेकांना वाटतं. या काळ्या पट्ट्याकडे बोट दाखवावं लागतं: हलका भाग वाफ होऊन केव्हाच पुढे गेला, जळतो तो हा गाळ.

एक घनमीटर थरात हा गाळ किती किलो पडतो, यावर हवेचा हिशेब ठरतो. तेवढा थर जाळायला काही शे घनमीटर हवा लागते, म्हणजे कॉम्प्रेसर केवढे घ्यायचे ते या नळीतून निघतं. म्हणून पेटवतानाचे आणि नळीच्या तळाशी पोचतानाचे आकडे मी बाजूला काढतो. मधल्या टप्प्यात वायू स्थिर राहिला असेल तेवढाच भाग धरतो. तो स्थिर राहिला नसेल, तर अहवाल थांबतो आणि त्याच तेलाची नवी नळी ठासायला घेतो.