आधी टाळ्या

फ्लामेंको म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ठिपक्यांचा, झालरींचा झगा येतो. स्पेनला फ्लामेंको शिकायला जाते आहे असं सांगितल्यावर मावशीचा पहिला प्रश्न होता, "आता या वयात नाच?" नाच मला येत नाही आणि शिकायचाही नव्हता. मी मिरजेत तबला शिकले, पुण्यात नोकरी सांभाळून साथ करत राहिले, आणि मला ओढ होती ती काहोनची. काहोन म्हणजे साधा लाकडी खोका. त्याच्यावरच बसायचं आणि पायांमधून हात घालून पुढच्या पातळ फळीवर वाजवायचं. हा खोका मूळचा पेरू देशातल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस गिटारवादक पाको दे लुसिया दौऱ्यावर पेरूला गेला, तिथं त्यानं तो ऐकला आणि स्पेनला आणला. आता फ्लामेंकोची मैफल त्याच्याशिवाय क्वचितच दिसते. इतक्या थोड्या वर्षांत एखादं परकं तालवाद्य एका परंपरेत असं मुरतं कसं, हे मला तिथं जाऊन बघायचं होतं.

बिनपगारी रजा घेतली. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. तेवढ्यात बसेल असा बेत आखला, पाठीवर एक सॅक टाकली आणि निघाले.

सेवियाला आधी गेले, कारण सगळे आधी तिथंच जातात. ग्वादालकिविर नदीपलीकडचा त्रियाना हा एकेकाळी कुंभारांचा, लोहारांचा, खलाशांचा आणि हितानो, म्हणजे स्पेनमधल्या रोमा लोकांचा मोहल्ला. फ्लामेंकोच्या इतिहासात त्याचं नाव पहिल्या दोन-तीन ठिकाणांत येतं. पण गेल्या शतकाच्या मध्यानंतर बहुतेक हितानो कुटुंबांना तिथून शहराच्या कडेच्या वसाहतींमध्ये हलवलं गेलं. आता नदीकाठी सुंदर बाल्कन्या आहेत, टाइल्सची दुकानं आहेत आणि ताब्लाओ आहेत. ताब्लाओ म्हणजे तिकीट काढून फ्लामेंको बघायची जागा. तासाभराचा खेळ, रात्रीतून दोन-तीनदा. त्यात वाईट काही नाही. कलाकार कसलेले असतात आणि त्यांचं पोट त्यावर चालतं. पण मी पाहिलेल्या खेळांत गाणं आखडतं घेतलं जात होतं. परक्या पाहुण्याला पायांचा खडखडाट लगेच भिडतो, गळ्याचं काम भिडत नाही, त्यामुळे नाचाला झुकतं माप. माझ्या मते हा उलटा व्यवहार आहे. फ्लामेंकोत आधी गाणं, मग गिटार, मग नाच. खुद्द तिथले जाणते ऐकणारे हाच क्रम मानतात.

तिथून रेल्वेनं तासाभरावर हेरेस दे ला फ्रोन्तेरा. शेरी नावाची वाइन इथलीच. दुपारी उन्हात बंद कोठारांच्या भिंतींशेजारून चालताना लाकडी पिंपांचा आंबूस गोड वास येतो. गाव मध्यम, खोल्या सेवियापेक्षा स्वस्त, आणि सान्तियागो व सान मिगेल असे दोन मोहल्ले, ज्यांच्यात कोणाचं गाणं खरं यावरून पिढ्यान्पिढ्या चुरस आहे. सान्तियागोतले हितानो एकेकाळी बरेचसे शेतमजूर. दिवसभर द्राक्षमळ्यात, रात्री गाणं. सान मिगेलची ला पाकेरा दे हेरेस ही गायिका, जिचा आवाज ध्वनिक्षेपकाला न जुमानणारा. तिचा पुतळा त्याच मोहल्ल्यात आहे. मी इथंच थांबायचं ठरवलं. सान हुआन चौकातल्या जुन्या वाड्यात सरकारी फ्लामेंको दस्तऐवज केंद्र आहे, तिथं बसून जुनी ध्वनिमुद्रणं ऐकता येतात, हेही एक कारण होतं.

ज्या बाईंकडे मी शिकायला गेले त्या साठीच्या पुढच्या, सान्तियागोतल्या. मला काहोन शिकायचा आहे हे त्यांनी ऐकून घेतलं, माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "आधी टाळ्या. टाळ्या येत नाहीत त्याला खोका कशाला?" मग पहिले कित्येक तास फक्त टाळ्याच.

टाळ्यांना तिथं पाल्मास म्हणतात आणि ते स्वतंत्र काम आहे, वाजवणाऱ्यांना त्याचे वेगळे पैसे मिळतात. एक टाळी दबकी: दोन्ही तळवे खोलगट करून एकमेकांवर, पोकळ आवाज. दुसरी लखलखीत: एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या तळव्यावर, सपकन. गायक गात असताना दबकी, गिटार किंवा नाच चढला की लखलखीत. शिवाय दोघंजण वाजवत असतील तर एक मात्रेवर, दुसरा बरोबर मधल्या आडजागेवर. दोन्ही मिळून एकच सलग सळसळ ऐकू यायला हवी. आपली टाळी वेगळी ओळखता येत असेल, तर बाई नुसत्या भुवया उंचावायच्या.

ताल बारा मात्रांचा. बारा मात्रा म्हटल्यावर मला धीर आला होता, एकताल रक्तात असलेला. पण एकताल दोन-दोन मात्रांच्या सहा खंडांचा. हा तीन, तीन, दोन, दोन, दोन असा चालतो. सोलेआ या संथ, भारदस्त प्रकारात जोर येतो तो ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर. आणि मोठा फरक पुढेच. आपली सगळी ओढ समेकडे, म्हणजे पहिल्या मात्रेकडे. बंदिशीचा मुखडा तिथं येऊन पडतो, श्रोत्यांची मान तिथं हलते. सोलेआत ओळ विसावते दहाव्या मात्रेवर. अकरा आणि बारा या उरलेल्या मात्रांत गिटार किंवा टाळ्या पुढच्या आवर्तनाचं दार उघडतात. पहिली मात्रा बऱ्याचदा मोकळीच सोडलेली. म्हणजे आवर्तन जिथं सुरू होतं तिथं कोणी थांबत नाही, जिथं संपतं तिथं सगळे भेटतात. लेहऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे अंगात उतरवणं म्हणजे घडी उलट्या बाजूनं घालणं. लय धरून ठेवायला तबला उपयोगी पडला. रिकामी जागा दिसली की भरायची सवय मात्र बाईंनी हातावर हात ठेवून सोडवली.

बुलेरिया हा हेरेसचा खास प्रकार, तोच बारा मात्रांचा पण भरधाव. तिथं तर मोजणं संपतंच. गावातली माणसं तो सहा-सहाच्या अर्ध्या आवर्तनांत जगतात, दारूच्या गुत्त्यातल्या टेबलावर बोटांच्या पेरांनी ठोकत. मी तोंडातल्या तोंडात आकडे म्हणतेय हे दिसलं की बाई हाक मारायच्या, "मुली, मोजू नकोस. गाणारी काय गाते ते ऐक."

हे ऐकणं हाच खरा अभ्यास. गाण्याचं एक कडवं तीन-चार ओळींचं, तेवढंच. पण गायक ती ओळ किती ताणेल, कुठं श्वास घेईल, शेवटची पुन्हा म्हणेल का, हे आधी ठरलेलं नसतं. गिटारवाला त्याच्या तोंडाकडे बघत स्वर टाकतो. नाचणारी कडवं चालू असताना पायांचा आवाज आवरून धरते आणि ओळ संपल्यावर उत्तर देते. टाळ्यावाल्यांनी या सगळ्यांखाली जमीन राखायची. हे समजल्यावर काहोनचं कोडंही उलगडलं. त्यानं नवीन काही आणलं नव्हतं. टेबलावरची पेरं, काठीचे ठोके आणि पायांची टापटाप यांचंच काम त्यानं घेतलं, म्हणून त्याला परकं म्हणायला कोणी धजलं नाही.

शनिवारी रात्री पेन्यात जायचं. पेन्या म्हणजे कोल्हापूरच्या देवल क्लबसारखं रसिकांनी चालवलेलं मंडळ. भिंतीभर काळेपांढरे फोटो, एका कोपऱ्यात छोटा बार, पुढे बुटका मंच आणि त्यावर गवती विणीच्या दोन खुर्च्या. दहाची वेळ दिलेली असली तर अकराच्या सुमारास सुरुवात. गायक बसला की बार थांबतो, ग्लासांची किणकिण थांबते. कोणी कुजबुजलं तर शेजारचे आजोबा अशी "श्श" करतात की पुन्हा हिंमत होत नाही. दाद मात्र मोकळी. पण तिचीही जागा असते. ओळ पडता पडता, हळू आवाजात, पहिल्या अक्षरावर जोर देऊन "ओले". पर्यटक टाळ्यांचा कडकडाट करतात, जाणते एक शब्द टाकतात. एका रात्री सत्तरीचा एक गायक गिटारशिवाय मार्तिनेते गायला. हा लोहारांच्या भट्टीशी जोडलेला प्रकार, साथ असलीच तर ऐरणीवरच्या हातोड्याची. आवाज सुंदर नव्हता. फाटलेला होता, वरच्या स्वराला पोचताना घासत होता. आपल्याकडे असा गळा घेऊन मंचावर बसू दिलं नसतं. तिथं त्या घासण्यालाच दाद मिळाली, आणि ती योग्य होती असं माझं मत आहे.

मी भारतातली हे कळलं की भाजीवाल्यापासून घरमालकिणीपर्यंत सगळे म्हणत, "म्हणजे आपण चुलत भावंडं!" रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून बाहेर पडले हे भाषेवरून आणि जनुकांवरून सिद्ध झालेलं आहे. स्पेनमध्ये त्यांची पहिली नोंद १४२५ची. पण त्यावरून फ्लामेंको राजस्थानातून गेलं, ते कथकचंच भावंड, असं जे आपल्याकडे फ्यूजनच्या कार्यक्रमांत निवेदक सांगतात ते मला पटत नाही. माणसं इथून गेली. संगीत तिथं घडलं, अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्यात, कादिस, हेरेस आणि सेविया यांच्या पट्ट्यात. अंदालुसिया या दक्षिण स्पेनमधल्या प्रांताची लोकगीतं, अरब काळाचे अवशेष, कादिस बंदरातून अमेरिकेहून परतलेले ताल आणि हितानोंचे गळे, सगळं त्यात आहे.

आणि त्या गळ्यांनी काय सोसलंय तेही तिथलंच. १७४९ साली राजाच्या हुकमानं देशभरातल्या हितानोंना एकाच वेळी पकडण्यात आलं. हजारो माणसं. पुरुषांना नौदलाच्या गोद्यांमध्ये सक्तमजुरीला, बायकामुलांना वेगळ्या कोंडवाड्यांत. शेवटच्या कैद्यांच्या सुटकेला १७६५ उजाडलं. अशी एक गोदी होती ला काराका, सान फेर्नान्दो गावाजवळ. त्याच गावात १९५० साली एका हितानो लोहाराच्या घरी कामारोन दे ला इस्ला जन्मला, ज्याच्या आवाजावर अख्खा स्पेन वेडा झाला. तो १९९२मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी गेला. मी त्याच्या समाधीवर गेले तेव्हा एक कुटुंब फुलं बदलत होतं आणि पोरगा मोबाइलवर त्याचंच गाणं लावून उभा होता. चुलत भावंडं म्हणवून घेण्याआधी आपण हा इतिहास वाचलेला बरा.

ग्रानादाला जाऊन आले. साक्रोमोन्तेच्या गुहांमधले खेळ बसगाड्यांच्या वेळापत्रकावर चालतात, त्यांच्यासाठी वाट वाकडी करू नये. अलाम्ब्रा राजवाड्याच्या चढावरचे गिटार बनवणारे मात्र बघण्यासारखे. फ्लामेंकोची गिटार पाठीला आणि बाजूंना सायप्रस लाकूड लावून हलकी केलेली असते, आवाज चटकन उठावा आणि चटकन विझावा म्हणून. बोटांनी ठोकायला वर पातळ पट्टी. मिरजेतून, सतारीच्या गावातून आलेय म्हटल्यावर कारागिरानं भोपळा कसा वाळवतात ते खोदून खोदून विचारलं. याच अलाम्ब्रात १९२२च्या जूनमध्ये संगीतकार मानुएल दे फाया आणि तरुण कवी लोर्का यांनी जुनं गाणं वाचवायला स्पर्धा भरवली होती. धंदेवाईक गायकांना मज्जाव, कारण त्यांनी कला बिघडवली असा समज. मला ही अट भाबडी वाटते. ही कला ज्यांनी टिकवली ते पोटासाठीच गात होते.

डिसेंबर लागला तशी हेरेसमध्ये साम्बोम्बा सुरू झाली. मडक्याच्या तोंडावर कातडं ताणून त्यात वेताची काठी खोचलेली. ओल्या मुठीनं ती वरखाली घासली की घुमतं ते हे वाद्य, आणि त्याच्याच नावाचा हा नाताळाआधीचा घरगुती उत्सव. वाड्याच्या अंगणात शेकोटी पेटते, मधात घोळवलेले तळणीचे पदार्थ फिरतात, म्हाताऱ्या बायका नाताळगीतं बुलेरियाच्या ठेक्यात सुरू करतात आणि सगळा मोहल्ला गोलात उभा राहून उचलतो. मंच नाही, तिकीट नाही, कोण कलाकार आणि कोण श्रोता हे सांगता येत नाही. बाईंनी मला दंडाला धरून गोलात उभं केलं, त्यांच्या बहिणीशेजारी, आडजागेच्या टाळ्यांना. पाचसहा वर्षांची मुलं माझ्यापेक्षा पक्की वाजवत होती. पहाटेपर्यंत हात सुजले. काहोन अंगणात एकच होता आणि त्यावर कोणाचे तरी कोट ठेवलेले होते.

कोणाला जायचं असेल तर काही गोष्टी सांगते. शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत, पालक-हरभरा आणि, अंडं चालत असेल तर, बटाट्याचं ऑम्लेट सगळीकडे मिळतं. फक्त थंड टोमॅटो-सूपवर हॅम भुरभुरलेलं असतं, ते आधी नको म्हणून सांगावं. कामचलाऊ स्पॅनिश शिकूनच जा, हेरेसमध्ये इंग्रजीवर भागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथं मोठा महोत्सव असतो, १९९७पासून. उत्तम नाच बघायला मिळतो, पण वर्ग जगभरच्या, विशेषतः जपानी विद्यार्थ्यांनी भरलेले असतात आणि खोल्या महाग. त्यापेक्षा नोव्हेंबरच्या शेवटी पोचा आणि साम्बोम्बा होईपर्यंत राहा. ताब्लाओच्या तिकिटांचे पैसे टाळ्यांच्या वर्गाला द्या. आणि पेन्यात गाणं चालू असताना फोन खिशात ठेवा, बोलू तर अजिबात नका. तिथं परक्यांनाही त्याची माफी नाही.