रेघ ओढण्याआधी

पावसाच्या नोंदींवर काम करायला लागलो तेव्हा एका तालुक्याच्या गावी मला मोठाच शोध लागला होता. तिथे रविवारी पाऊस जवळपास पडत नसे, सोमवारी मात्र धो धो. दोन रात्री त्या आकड्यांशी झटापट केली. शेवटी तिथले एक निवृत्त कारकून हसून म्हणाले, "अहो साहेब, रविवारी सुट्टी. सोमवारी दोन्ही दिवसांचं पाणी एकदमच मोजायचो."

साधा पर्जन्यमापक म्हणजे जमिनीत रोवलेलं नरसाळं आणि त्याखाली बाटली. रोज सकाळी साडेआठला कुणीतरी जायचं, पाणी मोजपात्रात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा. शंभर वर्षांचा कल शोधायचा तर आधी या 'कुणीतरी'चा स्वभाव ओळखावा लागतो. वहीतलं शून्य वेगळं आणि वहीतली कोरी जागा वेगळी. संगणकात भरताना कोऱ्या जागी शून्य टाकलं, की बसल्या जागी आपण त्या गावात दुष्काळ पाडला! दुसऱ्या एका केंद्रावर पाऊस वर्षागणिक घटत होता, शेजारच्या चार केंद्रांवर तसं काहीच नव्हतं. जाऊन पाहिलं, तर मापकाशेजारी कुणी हौसेनं लावलेला गुलमोहर चांगला डेरेदार झाला होता.

बरं, वही चोख असली तरी रेघ कुठून सुरू करायची? १९७२ पासून केली तर महाराष्ट्रात पाऊस वाढल्यासारखा वाटतो, कारण सुरुवातच दुष्काळाच्या खड्ड्यातून. असा आलेख दिसला की मी आधी काढणाऱ्याच्या हेतूवर शंका घेतो.

आणि सरासरी तर पक्की लबाड. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारताचा १९५१ ते २००० या काळातला रोजचा पाऊस तपासला आणि २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. हंगामाच्या सरासरीत ठळक फरक नव्हता. पण अतिवृष्टीच्या घटना वाढल्या होत्या, मध्यम पावसाच्या घटल्या होत्या, आणि बेरजेत दोन्ही बदल लपून गेले होते. "पूर्वीसारखी झड लागत नाही," हे शेतकरी सांगतच होते. आमच्या तक्त्यात झडीसाठी रकानाच नव्हता.

तुमच्या गावच्या शाळेत, चावडीत, साखर कारखान्यात पावसाच्या जुन्या वह्या पडून असतील, तर कृपा करून रद्दीत घालू नका. आणि कुणी नीटनेटक्या करून द्यायला निघालं, तर कोऱ्या जागा तेवढ्या कोऱ्याच राहू द्या.