चौथा वर्ग

तीस वर्षे आम्ही विद्यार्थ्यांस वर्ग देत आलो. आम्हांस कोणी वर्ग देईल असे कधी मनात आले नव्हते. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या व म्हणाल्या, "सर, आ करा. जीभ बाहेर काढा. आवाज मात्र करू नका." ज्याचे उभे आयुष्य आवाज करण्यात गेले, त्यास ही आज्ञा जडच वाटली. त्यांनी आत पाहिले, आमची आखूड मान व मागे सरलेली हनुवटी न्याहाळली आणि निकाल दिला, "चौथा वर्ग!"

ही परीक्षा भारतात जन्मलेल्या डॉ. मल्लमपटी यांनी १९८५ साली मांडली. पडजीभ नीट दिसली तर वर्ग वरचा; मागाहून जोडलेल्या चौथ्या वर्गात कठीण टाळूपलीकडे काहीच दिसत नाही. भुलीच्या औषधांनी श्वास थांबल्यावर काही मिनिटांत श्वासनलिकेत नळी गेली पाहिजे. वाटच दिसेना तर प्राणावर बेतते. त्या रात्री आम्ही पत्नीस परीक्षा झाल्याचे सांगितले. वर्ग सांगितला नाही.

बाईंपाशी साधने पुष्कळ होती. मॅकिंटॉश यांचे १९४३ सालचे बाकदार पाते जीभ सारून उचलते. टोकाशी वाकलेली 'बूजी' नावाची लवचीक काडी वाट दिसत नसताही आत शिरते. श्वासनलिकेच्या कड्यांवर तिची बारीक खडखड हातास जाणवते. काही पात्यांस कॅमेरा असतो. नळी बसेचना, तर डॉ. ब्रेन यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेला मुखवटा घशात स्वरयंत्रावर बसवितात. सर्वच फसले, तर गळ्याला छेद.

"एवढी हत्यारे कशाला?" आम्ही विचारले.

"सर, पहिले फसेल असे धरूनच दुसरे हाताशी ठेवायचे असते."

आमच्यासाठी त्यांनी घसा बधिर करून, आम्ही जागे असतानाच, नाकातून बारीक दुर्बीण घातली. क्षणभर पडदा आमच्याकडे वळविला. दोन पांढरे स्वरतंतू उघडत होते, मिटत होते. १८५४ साली गार्सिया या गायनशिक्षकाने आरशांच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू पाहिले होते. ज्यांच्या जिवावर आम्ही तीस वर्षे भाकरी खाल्ली, त्यांची आमची ही पहिलीच भेट.

महिन्याने वर्गावर गेलो. शेवटच्या बाकावरील एका मुलास आमचे उदाहरण कळेना. पूर्वी आम्ही तेच उदाहरण अधिक मोठ्याने सांगत असू व मुलास मठ्ठ ठरवीत असू. त्या दिवशी थांबलो. दुसरे उदाहरण घरूनच तयार करून नेले होते.