सोळावर काय करायचं?

ब्लॅकजॅकमधला सगळ्यात वाईट हात कुठला? माझ्या मते सोळा, आणि तोही समोर डीलरची दश्शी किंवा राजा उघडा असताना. मी संख्याशास्त्र शिकवतो. संभाव्यतेचा धडा आला की फळ्यावर हाच हात मांडतो, कारण कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या पोरांना तो लगेच भिडतो. ऊसबिल जमा झालं की गोव्याच्या कॅसिनोचा बेत ठरतोच.

खेळ सोपा आहे. बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण ओलांडायची नाही. चित्राचं पान दहाचं, एक्का एकचा किंवा अकराचा. पान मागितलं की हिट, थांबलं की स्टँड, एकवीसच्या पुढं गेलं की बस्ट. डीलरला मर्जी नाही: सोळापर्यंत पान घ्यायचंच, सतरा झाले की थांबायचं. मग कॅसिनो जिंकतो कसा? आधी पान तुम्ही घेता म्हणून. तुम्ही बस्ट झालात की पैसे गेले; पुढं डीलरही बस्ट झाला तरी ते परत येत नाहीत.

आता सोळा. तेरा प्रकारच्या पानांतली आठ, म्हणजे छक्कीपासून राजापर्यंतची सगळी, तुम्हाला बुडवतात. म्हणून पोरं थांबतात. पण डीलरकडं ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्याच दोन पानांत एकवीस, नाही असं धरलं, तरी दश्शीवर तो शंभरात साधारण 23 वेळाच बस्ट होतो. म्हणजे थांबून 77 वेळा हार. शंभर रुपयांमागं 54 रुपयांचा तोटा. पान मागितलं तरी तोटा जवळपास तेवढाच, अगदी किंचित कमी. म्हणून पान मागायचं. सरेंडरची सोय असेल तर अर्धे पैसे सोडून तो हात टाकावा, कारण 50 हे 54 पेक्षा कमी. समोर छक्की असेल तर मात्र गप्प थांबावं. तिथं डीलर शंभरात 42 वेळा बस्ट होतो.

कुठल्या हातावर काय करायचं याचं कोष्टक अमेरिकन सैन्यातल्या बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅकडरमॉट या चौघांनी टेबलावरच्या गणकयंत्रांवर काढलं आणि 1956 मध्ये संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापलं. संगणक हाताशी नसताना केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं. चांगल्या नियमांच्या टेबलावर ते कोष्टक तंतोतंत पाळलं, तर कॅसिनोचा फायदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. शून्य होत नाही. एडवर्ड थॉर्प यांनी 1962 च्या पुस्तकात पानं मोजून तो उलटवण्याची रीत दिली, पण ती सहा-आठ कॅट एकत्र पिसलेल्या टेबलावर, गोंगाटात, हौशी माणसाला साधत नाही.

डीलरचा एक्का दिसला की 'इन्शुरन्स घेणार का?' असं विचारतात. नाव विम्याचं, पण आहे ती वेगळी पैज: खालचं पान दहाचं निघालं तर दुप्पट. ते तेरात चारदा निघतं आणि नऊदा नाही. शंभरामागं साडेसात रुपयांहून जास्त तोटा. हातात ब्लॅकजॅक असला तरी घेऊ नये.

महाराष्ट्राचा 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. त्यामुळं आपली माणसं गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटींवर जातात. जाणाऱ्याला मी एवढंच सांगतो: बसण्याआधी टेबलाच्या कापडावर छापलेलं वाचा. ब्लॅकजॅकला 3 ला 2 लिहिलंय की 6 ला 5? शंभरावर 150 ऐवजी 120 मिळणार. असा हात साधारण एकवीस डावांत एकदा येतो, म्हणजे दर डावाला शंभरामागं जवळपास 1.4 रुपये जास्त जातात आणि कॅसिनोचा फायदा जवळजवळ चौपट होतो. तिथं 6 ला 5 असेल तर दुसरं टेबल शोधा, नाहीतर जेवायला जा.