तोंड धुणे

आमच्या घरातील पुरुष तोंड धूत असत. चेहरा धुण्याची कल्पना त्यांना कधी शिवली नाही. पहाटे उठावे, राखुंडीने दात घासावेत, खळखळून चुळा भराव्यात आणि त्याच ओघात दोन ओंजळी पाणी तोंडावर मारून ते धोतराच्या सोग्याने टिपून टाकावे, या सगळ्याला मिळून 'तोंड धुणे' हे एकच नाव होते. पुढे अंघोळीच्या वेळी अंगाला लावलेली साबणाची वडी तशीच वर चढे, गालांवरून, कपाळावरून, डोक्यावरून फिरे आणि पुन्हा खाली उतरे. साय, हळद, डाळीचे पीठ ही स्त्रियांची सामग्री. पुरुषाने आरशासमोर भांग पाडण्यापलीकडे रेंगाळावे हे नटाचे लक्षण मानले जाई. आणि आमच्या वडिलांना नाटके फार आवडत असूनही नट मुळीच आवडत नसत.

अपवाद वर्षातून एकाच पहाटेचा, नरक चतुर्दशीचा. त्या दिवशी नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कपूरकाचरी आणि गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या यांची वस्त्रगाळ पूड तेलात कालवून आई आम्हां सर्वांना, वडिलांनासुद्धा, आपल्या हाताने लावी. कपाटातला सुवासिक साबण कागदातून बाहेर निघे. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा लाल वडी, ती झिजून पातळ झाली की नव्या वडीच्या पाठीवर चिकटवून ठेवलेली.

जुन्या इंदुरात आमच्या वाड्याला विहीर होती. पाणी पिण्यास उत्तम, पण शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन म्हणत तसे. तुरीची डाळ शिजता शिजत नसे आणि साबणाला फेस येता येत नसे. न्हाणीच्या दगडावर पांढुरका चिकट थर साचे. आई तो विटकरीने खरवडून काढी. पाण्यातला चुना आणि साबण यांच्या संयोगाने होणारा तो थर दगडावर जसा बसतो तसाच आपल्या गालांवरही बसत असेल, हा विचार तेव्हा कोणाच्या मनात आला नाही. 1978 साली जलूदहून नर्मदेचे पाणी शहरात आले. त्या पाण्याने साबणाला भरपूर फेस येऊ लागला, तेव्हा वडिलांनी पहिली तक्रार केली ती अशी की, या पाण्यात साबण फार जातो. त्या पाण्याने धुतलेले अंग त्यांना बुळबुळीत वाटे. धुतल्यावर कातडी ताणली गेली पाहिजे, बोट फिरवल्यावर करकरली पाहिजे, म्हणजे मळ गेला, अशी त्यांची परीक्षा होती. तीच परीक्षा आम्ही वारशाने घेतली आणि 2022 सालापर्यंत निःशंकपणे वापरली.

त्या वर्षी आमचा नातू सोळा वर्षांचा होता. वर्षभरापूर्वी त्याच्या ओठांवर लव आली आणि तिच्यामागोमाग कपाळावर, नाकाच्या बाजूंना, हनुवटीवर पुटकुळ्या आल्या. आम्हांला त्याचे काहीच वाटले नाही. तारुण्यपीटिका हे नावच सांगते की तारुण्यासोबत त्या यायच्याच. तो दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने तोंड धुई आणि तरीही त्याचे कपाळ तासाभरात तेलकट दिसे. "आबा, मी काय लावू?" असे त्याने एकदोनदा विचारलेही. "लावायचे काही नाही, नीट रगडून धुवायचे," असे उत्तर आम्ही वर्तमानपत्रातून मान वर न काढता दिले होते.

दोन वर्षांच्या खंडानंतर त्या रंगपंचमीला गेर निघाली. इंदूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे की आमच्या शहरात धुळवडीपेक्षा रंगपंचमीचे माहात्म्य मोठे. त्या दिवशी राजवाड्यासमोर लाखोंचा समुदाय लोटतो आणि टँकरांवरून रंगाचे फवारे उंच माड्यांपर्यंत चढतात. नातू निघाला तेव्हा आमची सौ. खोबरेल तेलाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावली. तेलाने पुटकुळ्या वाढतात म्हणून तो नको म्हणाला. आम्ही त्याच्या नखऱ्यांवर काही विनोद केला. कोणता ते आता आठवत नाही. त्याला आठवत असावा.

दुपारी तो परतला तेव्हा चेहऱ्यावर हिरव्याचा थर, त्यावर रुपेरी रंग. हा रुपेरी रंग पाण्याचा नव्हे, तेलाचा असतो. पाण्याने तो हलला नाही. आम्ही धोतर खोचले, मोरीत चौरंग मांडला, त्याला बसवले आणि कामाला लागलो. प्रथम डाळीचे पीठ. मग अंगाचा साबण. मग कपड्यांचा साबण. शेवटी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. "आबा, आग होतेय," तो म्हणाला. "पुरुषासारखा पुरुष तू, एवढ्याने ओरडतोस?" असे म्हणून आम्ही जाळी फिरवीतच राहिलो. रंग उतरला. कातडी करकरली. वडिलांच्या परीक्षेत आम्ही उत्तीर्ण झालो.

तिसऱ्या दिवशी त्याचे गाल सुजले. पुटकुळ्यांच्या जागी पुवाळलेल्या गाठी उठल्या. त्याने खोलीचे दार लावून घेतले आणि जेवणाचे ताट आत मागवू लागला. शाळेतला समूहछायाचित्राचा दिवस आला आणि गेला. आम्ही दारावरून जाताना सूनबाईशी चाललेले त्याचे बोलणे कानावर पडले: "आबांना आत पाठवू नकोस." आमचे वय तेव्हा 69 होते आणि आमच्या घरात आम्हांला कोणत्याही खोलीत जायला तोवर कोणाची परवानगी लागली नव्हती.

त्वचारोगतज्ज्ञ बाई आमच्या सुनेहूनही तरुण. सोबत जायला दुसरे कोणी मोकळे नव्हते म्हणून आम्ही गेलो. त्यांनी पहिला प्रश्न नातवाला केला, तोंड कशाने धुतोस? दुसरा, हे असे कशाने झाले? "मीच जोरात घासलं," तो म्हणाला आणि जमिनीकडे पाहू लागला. आम्ही घसा साफ केला आणि घोसाळ्यासकट खरे काय ते सांगितले. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

पुढची वीस मिनिटे त्यांनी जे सांगितले ते आम्ही औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून घेतले. कातडीचा वरचा पापुद्रा किंचित आम्ल असतो, पीएचच्या मोजपट्टीवर पाचाच्या आसपास. साबण अल्कधर्मी, नऊ ते दहा. साबणाने धुतले की ते आम्ल आवरण विस्कटते आणि पूर्ववत व्हायला काही तास लागतात. तोवर आमचा नातू पुन्हा साबण घेऊन मोरीत हजर. ज्याला आम्ही स्वच्छतेची खूण समजत होतो ती ताण म्हणजे कातडीची तक्रार. पुरुषाची कातडी स्त्रीच्या कातडीपेक्षा जाड आणि वयात येताना संप्रेरकांमुळे अधिक तेलकट, हे खरे. पण जाड म्हणजे दगडी नव्हे. पुटकुळी मळाने होत नाही. तेल आणि मृत पेशी यांनी रंध्राचे तोंड आतून बुजते, त्यात जंतू वाढतात, दाह होतो. वरून घासून ते तोंड उघडत नाही, दाह मात्र वाढतो. तेलकट रंग तेलानेच किंवा मलमाने भिजवून कापसाने टिपायचा असतो. राहील तो डाग दोन-चार दिवसांत कातडीच टाकून देते. हे शेवटचे वाक्य लिहिताना आमचे अक्षर बिघडले आहे.

त्यांनी लावायला मलम दिले आणि धुण्यासाठी साबणविरहित, सॅलिसिलिक आम्ल असलेला सौम्य द्रव घ्यायला सांगितले. हे आम्ल तेलात विरघळते, म्हणून रंध्रात शिरू शकते. दिवसातून दोनदाच धुवायचे, फार तर खेळून घाम आल्यावर तिसऱ्यांदा. कोमट पाणी, बोटांची टोके, अर्धा-पाऊण मिनिट, मग टॉवेलने पुसायचे नाही, टिपायचे. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतील, तोवर दर चार दिवसांनी वस्तू बदलायची नाही.

दुकानात गेल्यावर कळले की पुरुषांच्या चेहऱ्याने आमच्या नकळत केवढा बाजार उभा केला आहे. एका मांडणीवर गुलाबी डब्या, समोरच्या मांडणीवर काळ्या आणि करड्या. काळ्या डब्यांवर कोळसा, बर्फ, वीज आणि एक-दोन हिंस्र पशू. आम्ही भिंग काढले. घटकांची यादी बहुतेक उतरत्या प्रमाणाने छापलेली असते, त्यामुळे जे पहिल्या चार-पाच नावांत नाही ते डबीवर कितीही मोठ्या अक्षरांत असले तरी आत थोडेच असणार, एवढे संसारी माणसाला समजते. बऱ्याच काळ्या डब्यांत आणि गुलाबी डब्यांत पहिली नावे तीच होती. पुरुषांच्या वाट्याला जास्तीचे आले होते ते मेंथॉल. ते गार लागते, पण मळ काढत नाही, आणि नुकत्याच दाढी केलेल्या गालाला झोंबते. आत खरखरीत दाणे असलेल्या नळ्या आम्ही हात न लावता ओलांडल्या. घोसाळ्याचा अनुभव ताजा होता. गोरेपणाची हमी देणाऱ्याही ओलांडल्या. आमच्या कुळात सावळेपणा पिढीजात आहे आणि त्याने कोणाचे अडले नाही.

साबणाच्या वड्यांशीही आमचा जुना परिचय असल्याने तिकडे वळलो. वेष्टनावर टीएफएम म्हणून जो आकडा असतो तो साबणातील स्निग्धाम्लांचे प्रमाण दाखवतो: पहिल्या प्रतीला किमान 76 टक्के, दुसरीला 70, तिसरीला 60. त्याहून कमी असलेल्या कितीतरी वड्यांवर साबण हा शब्दच नसतो, 'बेदिंग बार' असे असते. आमचे वडील हा आकडा पाहते तर 76 वर बोट ठेवून विजयी मुद्रेने पाहते. पण 76 चा अर्थ साबण अस्सल आहे एवढाच. अस्सल साबणही अल्कधर्मीच असतो. अंगाला तो चालेल. चेहऱ्याला, त्यातही बोअरिंगच्या दुष्फेन पाण्यात, तो नको. साबणविरहित द्रवाचा पाण्यातल्या चुन्याशी तसा थर होत नाही. वाड्यातली न्हाणी आणि आईची विटकर त्या दुकानात आम्हांला आठवली. शेवटी घेतली ती खालच्या खणातली एक पांढरी, बिनचित्राची नळी. नातवाने पाहिली, उलटून वाचली आणि मान हलवली. दहा दिवसांत तो आमच्याकडे पाहून मान हलवण्याइतपत बोलू लागला होता.

आठ आठवडे कसे गेले ते विस्ताराने सांगण्यासारखे नाही. गाठी बसल्या, काही डाग राहिले आणि मलमातल्या औषधाने सौ.चा माहेरून आलेला किरमिजी टॉवेल ठिकठिकाणी पांढरा केला. हा गुन्हा घरात अद्याप माफ झालेला नाही.

पुढचा प्रमाद पुन्हा आमचाच. नातवाचा चेहरा सुधारतो आहे असे पाहून आम्ही गुपचूप त्याचीच नळी वापरू लागलो. हिवाळ्याचे दिवस होते. आठवड्याभरात आमच्या गालांना भेगा पडल्या आणि दाढी करताना डोळ्यांत पाणी येऊ लागले. चोरी उघड झाली तेव्हा नातू हसला. रंगपंचमीनंतर आमच्यासमोर तो असा पहिल्यांदाच हसत होता. मग त्याने आम्हांला रीतसर परीक्षेला बसवले. नुसत्या पाण्याने तोंड धुवायचे, टिपायचे आणि तासभर काहीही लावायचे नाही, हातही लावायचा नाही. तो घड्याळ घेऊन समोर बसला. तासानंतर कपाळ आणि नाक चकाकले तर कातडी तेलकट; सगळीकडे ताण वाटला तर कोरडी; कपाळ-नाक-हनुवटी चकाके आणि गाल निस्तेज, तर मिश्र. आमचे गाल सुकलेल्या पापडासारखे ताणले होते. पुरुषाच्या कातडीतले तेल म्हातारपणापर्यंत बरेच टिकते म्हणतात. आमच्या वाट्याचे बहुधा 1978 पूर्वीच विहिरीच्या पाण्यात गेले.

त्याने आमच्यासाठी ग्लिसरीन असलेला, फेस न येणारा, सायीसारखा द्रव निवडला. नळीवर 'गंधविरहित' आहे की नुसते 'वास न येणारे', हे त्याने दोनदा वाचले. दुसऱ्यात वास दडपण्यासाठीही सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते, हे आम्हांला त्याच्याकडून कळले. सकाळी नुसते पाणी, संध्याकाळी हा द्रव, एवढाच आमचा नियम ठरला. दाढी मात्र धुण्यानंतर करायची, आधी नाही, म्हणजे केस मऊ होतात. फेस नाही म्हणून आम्ही पंधरा दिवस कुरकुरलो. धुतल्यासारखे वाटतच नाही, असे म्हणालो. ते ऐकून सौ. म्हणाली, "अगदी मामंजींसारखं बोलता."

2023 च्या रंगपंचमीला तो निघण्याआधी आमच्या खोलीत आला. स्वतःच्या चेहऱ्यावर कसलेसे तेलविरहित मलम लावलेले होते. नळी पुढे करून म्हणाला, "आबा, चला राजवाड्यापर्यंत." नको नको म्हणताना आमच्या गालांना ते लागलेही. आम्ही कोपऱ्यापर्यंतच गेलो, पण रुपेरी रंग कोपऱ्यापर्यंतही पोहोचतो.

परतल्यावर मोरीत तोच चौरंग मांडलेला होता. आम्ही बसलो. सवयीने हात घोसाळ्याच्या जाळीसाठी खुंटीकडे गेला. खुंटी मोकळी होती. नातवाने वाटीत कापूस भिजवला, पाणी कोमट आहे का ते मनगटावर पाहिले आणि म्हणाला, "डोळे मिटा, आबा. घासणार नाहीये मी."