महाडचा अल्बम, वीरची गाडी

महाड शहरात रेल्वे आलीच नाही. १९९३ साली रोहा-वीर मार्ग सुरू झाला आणि वीर हे आमचं जवळचं स्टेशन झालं. त्याआधी मुंबईला जायचं ते एस.टी.नंच. म्हणून घरातल्या जुन्या फोटोंतली गाडी मुंबईचीच: आखातात नोकरीला निघण्याआधी चाचांनी बोरीबंदरला हौसेनं काढून घेतलेली.

जुलै २०२१ च्या पुरात अल्बम भिजला. सुटे झाले तेवढे फोटो दोरीवर वाळवले, चिकटले ते गेलेच. वीरच्या फलाटावरचा एक वाचला: बुरखा सावरत पहिल्यांदा गाडीत चढणारी दादी. आता ईदला जमलो की तिला विचारून आम्ही मागे पेन्सिलनं नावं लिहितो. चाचांच्या शेजारी उभा तो कोण? दादी म्हणते पोलादपूरचा, फुफू म्हणते दासगावचा. ती जागा अजून कोरीच आहे.